सर्व्हर डेडस्टॉकला गेला, मजकूर कुठे गेला?

विद्यापीठांतून आणि मोठ्या संस्थांतून अधूनमधून एक परिपत्रक निघतं. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. जुनी ईमेल सेवा आणि त्या सर्व्हरवरची विभागांची व प्राध्यापकांची पानं अमुक तारखेपासून बंद होतील. संबंधितांनी आपापला डेटा त्याआधी उतरवून घ्यावा. त्यानंतर संगणक केंद्र जबाबदार राहणार नाही. बहुतेक जण हे वाचून पुढे जातात. परिपत्रकाचं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे: जुनी व्यवस्था बंद झालीच पाहिजे. शेवटचं वाक्य मात्र मान्य नाही. संगणक केंद्र जबाबदार नसेल, तर मग कोण जबाबदार आहे? आज आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, आणि माझी सगळी तक्रार तेवढीच आहे.

ही जुनी व्यवस्था म्हणजे काय, हे आज पंचविशीत असलेल्यांना सांगावं लागेल. संस्थेच्या एका युनिक्स, पुढे लिनक्स, यंत्रावर प्रत्येकाला खातं मिळायचं. त्याच खात्यात टपाल यायचं आणि त्याच खात्यात ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाचा एक फोल्डर असायचा. त्यात ठेवलेली फाइल जगाला दिसायची. पत्ता म्हणजे संस्थेचं नाव, मग टिल्ड हे नागमोडी चिन्ह आणि पुढे खात्याचं नाव. त्यासाठी ना निविदा लागायची, ना वेबसाइट समितीची मंजुरी. शिक्षकांनी तिथे वर्गातली टिपणं ठेवली, सोडवलेले प्रश्नसंच ठेवले, आपल्या शोधनिबंधांच्या प्रती ठेवल्या, प्रयोगशाळेत लिहिलेले छोटे प्रोग्राम ठेवले. कुणी क्षेत्रभेटीतले फोटो टाकले, कुणी संदर्भसूची तयार करून ठेवली. छापायला प्रकाशक मिळाला नसता आणि तरी शेकडो जणांच्या कामी आलं, असं पुष्कळ काही या फोल्डरांत होतं.

आपल्याकडे तर इंटरनेटची सुरुवातच अशा यंत्रांवर झाली. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं जाळं उभारण्याचा एर्नेट प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पाठबळावर. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतली एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि खुद्द तो विभाग, अशी आठ ठिकाणं. मुंबईत एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. विदेश संचार निगममार्फत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मधल्या आठ वर्षांत या देशातून बाहेर गेलेलं बरंचसं ईमेल शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या सर्व्हरवरून गेलं. त्या काळातले आणि त्यानंतरच्याही कित्येक वर्षांतले शोधनिबंध काढून पाहा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले असोत, पवईचे असोत की बंगळुरूचे, लेखकाच्या नावाखाली ‘एर्नेट डॉट इन’वर संपणारा ईमेल पत्ता छापलेला दिसेल. पुढे या संस्था ‘एसी डॉट इन’सारख्या नव्या पत्त्यांवर गेल्या. निबंध जगभरच्या ग्रंथालयांत शाबूत आहे आणि त्यावर लेखकाशी संपर्क साधण्यासाठी दिलेला पत्ता मेला आहे.

तरीही जुनी यंत्रं बंद करायला हवीत असं मी म्हणतो, त्याची कारणं नीट सांगायला हवीत. कारण या विषयात हळवेपणाने बोलणारे पुष्कळ आणि रात्री दोन वाजता पडलेला सर्व्हर उठवणारे थोडे. सेंटओएस ६ या लिनक्सला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्या, सेंटओएस ७ च्या जून २०२४ मध्ये. वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपी या भाषेच्या ५.६ आवृत्तीची मुदत २०१८ च्या अखेरीस संपली. विभागांच्या कितीतरी वेबसाइट नेमक्या याच पायावर उभ्या होत्या. त्यानंतर सापडणारं प्रत्येक भोक उघडंच राहतं. ते शोधणारे लोक हाताने शोधत नाहीत. त्यांचे प्रोग्राम दिवसरात्र सगळं इंटरनेट चाचपत असतात. विद्यापीठांच्या विसरलेल्या पानांवर रमीच्या आणि सट्ट्याच्या जाहिराती उगवतात त्या अशाच. शैक्षणिक पत्त्यावर सर्च इंजिनं जास्त विश्वास ठेवतात असं मानलं जातं, म्हणून त्या पत्त्याला घुसखोरांच्या बाजारात भाव असतो.

ईमेलचं तर याहून कठीण. दहा वर्षं न बदललेला एखाद्याचा पासवर्ड चोरीला जातो, त्या खात्यातून एका रात्रीत हजारो फसवी पत्रं सुटतात आणि सकाळी संपूर्ण विद्यापीठाचं नाव काळ्या यादीत जातं. मग प्रवेशाची आणि परीक्षेची खरी पत्रंही विद्यार्थ्यांच्या स्पॅममध्ये पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरंच त्या पत्त्यावरून आलं आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही खुणा सक्तीच्या केल्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या मेल सर्व्हरवर हे सगळं चढवणं फार जिकिरीचं आहे. ज्याने तो बसवला तो निवृत्त झालेला असतो, आणि आज तो सांभाळणारा बहुधा कंत्राटावर असतो. त्या माणसाला जुनं तसंच चालू ठेव म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणजे यंत्र जावं. पण यंत्राबरोबर मजकूर का जातो?

याचं उत्तर माझ्या मते आपल्या नोंदवह्यांत आहे. सर्व्हर विकत घेतला तेव्हा तो डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढला. आयुष्य संपलं की त्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव जातो, समिती पाहते, भंगारात काढते, रजिस्टरवर शेरा पडतो. त्या लोखंडाची नोंद अगदी चोख आहे. त्याच्या पोटातल्या मजकुराची नोंद कुठल्याच वहीत नाही. त्यामुळे तो जातो तेव्हा काही गेलं असं दफ्तरी दिसतच नाही.

आता याच आवारात ग्रंथालयात चला. तिथलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत असतं, त्याला क्रमांक असतो. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम सांगतात की वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी सगळ्यांची पडताळणी करावी. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजारामागे पाच पुस्तकं हरवली तर ते क्षम्य समजावं, पण एखादं पुस्तक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ असेल तर चौकशी झालीच पाहिजे. हजार रुपयांच्या पुस्तकासाठी चौकशी! आणि वीस वर्षांत एका विभागाने वेबवर जमवलेलं सगळं एका संध्याकाळी एक जण पुसू शकतो. त्यासाठी ना समिती लागते, ना कुणाला कारण द्यावं लागतं. तो माणूस वाईट नसतो. त्याला कुणी विचारायला सांगितलेलंच नसतं.

‘ज्याने त्याने आपला डेटा उतरवून घ्यावा’ हे ऐकायला रास्त वाटतं. पण जुन्या व्यवस्थेतले ‘ज्याचे त्याचे’ कोण आहेत ते पाहा. काही निवृत्त होऊन वीस वर्षं झाली आहेत. काही वारले. विद्यार्थी पुण्याहून न्यू जर्सीला किंवा सिंगापूरला गेले आणि त्यांनी शेवटचं लॉगिन कधी केलं ते त्यांनाही आठवत नाही. बंद होण्याची सूचना जाते ती त्याच मेलबॉक्समध्ये, जो ते उघडत नाहीत. आणि डेटा उतरवून घरी नेला, तरी वाचकाचं काय? दुसऱ्या गावातल्या शिक्षिकेने आपल्या अभ्यासक्रमात ज्या पत्त्याचा संदर्भ दिला तो पत्ता तर मेलाच.

मेलेल्या पत्त्यांचा प्रश्न केवढा आहे, याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या पाहणी संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्डच्या झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या लिंक तपासल्या, तेव्हा निम्म्या लिंकवर मूळ मजकूर सापडला नाही. जिथे एकेका शब्दावर वाद होतो त्या न्यायालयाची ही गत असेल, तर आपल्या एखाद्या भूगोल विभागाच्या पानाची काय कथा? वेबच्या जन्मस्थानीही हेच घडलं. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जगातली पहिली वेबसाइट तिच्या मूळ पत्त्यावर परत उभी करायला घेतली, तेव्हा त्यांच्याकडची सर्वांत जुनी प्रत होती १९९२ ची. १९९१ ची प्रत निघाली ती अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या पॉल जोन्स यांच्याकडे. सर्नसारख्या संस्थेलाही आपला पहिला मजकूर दुसऱ्याच्या कपाटात सापडावा, यात त्या संस्थेचा दोष काढण्यापेक्षा एवढंच लक्षात घ्यावं, की कुणावर सोपवल्याशिवाय जपणूक होत नाही.

‘वेबपानांच्या प्रती जपणारं इंटरनेट अर्काइव्ह आहे ना’ असं म्हणणारे भेटतात. १९९६ पासून त्या लोकांनी केलेल्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांचा प्रोग्राम लिंकवरून लिंकवर जातो. जिथे लिंक नाही तिथे तो पोचत नाही. शोधपेटीमागे दडलेला डेटाबेस, लॉगिनमागची चर्चा, उपफोल्डरातली मोठी फाइल त्याच्या हाती लागेलच असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संस्थेवरच सायबर हल्ला झाला आणि काही दिवस ती बंद होती. शिवाय आपल्या विद्यापीठाचं दफ्तर सांभाळण्याचं काम सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका धर्मादाय संस्थेने करावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने ठेवायची?

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीची मराठी पानं निरनिराळ्या फाँटांत आहेत. कुठे शिवाजी, कुठे किरण, कुठे डीव्हीटीटी-योगेश, कुठे श्रीलिपी. या फाँटांत मराठी अक्षरं खरोखर साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि तो विशिष्ट फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट गेला की उरतो निरर्थक अक्षरांचा ढीग. असं पान अर्काइव्हमध्ये जपलं गेलं तरी वाचता येत नाही, आणि सर्च इंजिनला तर ते मराठी आहे हेच कळत नाही. प्रत्येक फाँटची जुळणी वेगळी असल्यामुळे युनिकोडमध्ये आणण्यासाठी मूळ फाँट कोणता होता हे ठाऊक हवं. ते ठाऊक असलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. त्या सर्व्हरवर फाँटची फाइलही बहुतेकदा शेजारच्याच फोल्डरात पडलेली असते. म्हणून इंग्रजी पान घाईत जपून ठेवलं तर चालून जातं, मराठी पानाचं तसं नाही. बंद करण्याच्या आधीच, फाँट आणि माणूस दोन्ही हाताशी असताना, ते रूपांतरित व्हायला हवं. नंतर कितीही पैसे ओतले तरी हे काम अवघड होत जातं.

जपणूक होऊ शकते याची उदाहरणं लांब शोधावी लागत नाहीत. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आज फोनवर चाळता येतो, तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीमुळे. तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. इतक्या वर्षांत त्या कोशांचे सर्व्हर बदलले, पत्ते बदलले, मराठी लेखांत दिलेल्या कितीतरी लिंक तुटल्या. कोश मात्र टिकले, कारण ते कुणा एका प्राध्यापकाच्या खात्यात नव्हते. ग्रंथालयाने आपला संग्रह म्हणून ते सांभाळले. आपल्याकडेही पीएचडीच्या प्रबंधांना असं घर मिळालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उभारला. आज नांदेडचा प्रबंध नागपुरात बसून वाचता येतो. नियम झाला, जबाबदार संस्था ठरली, काम झालं.

पुणे विद्यापीठाचंही एका बाबतीत कौतुक करायला हवं. २०१४ मध्ये विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले यांचं नाव आलं, पण वेबवरचा ‘युनिपुणे’ हा पत्ता बदलला नाही. नव्या नावाच्या उत्साहात तो बदलला असता तर हजारो लिंक एका दिवसात तुटल्या असत्या. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ पासून हेच सांगत आले आहेत: चांगला पत्ता बदलत नसतो.

ईमेलचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. वेबपान सार्वजनिक होतं, म्हणून ते जपणं हाच नियम असावा. मेलबॉक्स खाजगी आहे. त्यात दुसऱ्यांनी विश्वासाने लिहिलेली पत्रं आहेत, आजारपणं आहेत, शिफारशी आहेत, भांडणं आहेत. तो सरसकट ग्रंथालयात टाकावा असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्याचा त्याला, तो नसेल तर वारसांना, पुरेशी मुदत देऊन द्यावा आणि मग पुसावा. पण पत्ता ही वेगळी गोष्ट आहे. शोधनिबंधांच्या पोर्टलपासून बँकेपर्यंत सगळीकडे ‘पासवर्ड विसरलात?’चं पत्र त्याच पत्त्यावर जातं. म्हणून कुणाचंही जुनं नाव नव्या माणसाला देऊ नये, कधीही. पाटील आणि कुलकर्णी यांची कमतरता नसलेल्या आपल्या विद्यापीठांत हा मोह वारंवार होतो, आणि नव्या विद्यार्थ्याच्या हाती नकळत जुन्या प्राध्यापकाच्या किल्ल्या पडू शकतात. जुन्या पत्त्यावर येणारं टपाल कायम पुढे पाठवत राहणंही सोपं नाही, कारण वर सांगितलेल्या खुणांपैकी काही त्या वाटेत मोडतात. पण निदान दोन वर्षं ‘या व्यक्तीचा नवा पत्ता असा’ एवढं उत्तर त्या व्यक्तीच्या संमतीने देणं अशक्य नाही.

वेबपानांचा खर्च तर किरकोळ आहे. जुन्या पानाला धोका असतो तो त्यामागे चालणाऱ्या प्रोग्राममुळे. प्रोग्राम काढून पान जसं दिसतं तसं साध्या एचटीएमएलमध्ये गोठवलं, तर घुसायला दारच उरत नाही, आणि अशी पानं कुठल्याही साध्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं राहू शकतात. एका विभागाची वीस वर्षांची पानं बहुधा एका पेनड्राइव्हवर मावतील. मेहनत लागते ती यादी करायला, फाँट ओळखायला, जुन्या पत्त्यावरून नव्या जागी वाट काढून द्यायला. ती माणसाची मेहनत आहे आणि तिच्यासाठी माणूस नेमावा लागेल, हे मान्य. ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आपल्याच विद्यापीठांत शिकतात. त्यांना शिकण्यासाठी यापेक्षा खरं काम कुठलं मिळणार?

कायदाही बाजूने आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशित करून ठेवावेत. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकातून निघालेलं साहित्यही अभिलेखाच्या व्याख्येत घेतलं आहे. परीक्षेचं परिपत्रक, विद्या परिषदेचं इतिवृत्त, जुना अभ्यासक्रम हे कागदावर असताना अभिलेख असतात. सर्व्हरवर असले म्हणून ते भंगार होत नाहीत. महाविद्यालयांच्या बाबतीत हे आणखी टोचतं. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी शिक्षक रात्र रात्र जागून शेकडो पीडीएफ वेबसाइटवर चढवतात, आणि वेबसाइट सांभाळणारी एजन्सी बदलली की ती सगळी पानं बेपत्ता होतात. पुढच्या फेरीला पुन्हा तेच जागरण.

हे आत्ताच ठरवायला हवं, याचं कारण नवी व्यवस्थाही जुनी होणार आहे. २००६ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने विद्यार्थ्यांचं टपाल गूगलकडे दिलं, पुढे जगभरची विद्यापीठं त्या वाटेने गेली, आपलीही गेली. फुकट आणि अमर्याद जागा, हे आमिष होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे पूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट मोफत मिळतील. मायक्रोसॉफ्टनेही पुढे तशीच मर्यादा आणली. मग माजी विद्यार्थ्यांची खाती बंद करण्याची परिपत्रकं सुरू झाली. पूर्वी बंद करायचं की नाही हे निदान आपल्या आवारात ठरायचं. आता तारीख दुसऱ्या देशातून येते आणि हातात काही महिने असतात. तेवढ्या महिन्यांत तत्त्वाची चर्चा होत नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विद्यापीठाने व्यवस्थापन परिषदेत ठराव करावा की आपल्या पत्त्यावर प्रसिद्ध झालेली कोणतीही वेबसाइट ग्रंथपालांच्या सहीशिवाय बंद होणार नाही. ग्रंथालयाने तिची दाखल नोंद करावी, गोठवलेली प्रत ताब्यात घ्यावी, काय ठेवलं आणि काय का वगळलं ते लिहून ठेवावं. नव्या वेबसाइटची निविदा निघेल तेव्हा जुने पत्ते चालू ठेवण्याची अट त्यात पहिल्या पानावर असावी आणि ती पाळली नाही तर देयक अडवावं. यात काही ग्रंथपाल म्हणतील की आमच्याकडे माणसं नाहीत, पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. ते खरं आहे, आणि ती पदं भरण्याच्या प्रस्तावात हे काम कारण म्हणून आजच घालता येईल.